माझा ढावलो आणि तुझी मुकुटवाली चिप

भिया, तुझे दिवस झाले, दारातला मांडव अजून उतरायचा होता, तेवढ्यात नागपूरहून फोन आला. तुझ्या त्या कानवाल्या मंडळींपैकी एक, सोनेरी चष्म्याचे साहेब. भाभीनं फोन माझ्या हातात दिला, कारण असल्या लोकांशी बोलायचं काम तिनं पहिल्यापासून दुसऱ्यावर ढकललेलं. साहेब आधी हळहळले. "फार मोठे कान गेले हो आमच्यातून," म्हणाले. माणूस गेला असं म्हणाले नाहीत. मग घसा खाकरून मुद्द्यावर आले. "ती मुकुटवाली चिप तेवढी कुणाला देऊ नका. तिची कदर असणारा माणूस पाहिजे."

मी म्हटलं, "साहेब, चिप कुठे पळून जात नाही. अठ्ठावीस पाय असले तरी तिला चालता येत नाही."

तुझ्याच बोलण्यातलं वाक्य वापरलं. तू असतास तर खो खो हसला असतास आणि लगेच त्यांना परत फोन लावून माझ्या वतीनं माफी मागितली असतीस.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. या दिवसांत मी ते भरपूर ऐकलं. तू किती मनमिळाऊ होतास, खाणीत विजेच्या लाइनवर काम करताना किती सांभाळून घ्यायचास, तांड्यावरच्या प्रत्येकाचा पंखा कसा फुकट दुरुस्त करून द्यायचास. खरं असेल. पण मी तुझी बहीण आहे आणि तू गेलास म्हणून काही शहाणा झाला नाहीस. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते सोडून मी तुझ्या फोटोला हार घालून हात जोडीन, असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखलंच नाहीस. तसंही तू मला ओळखत नव्हतास. तोच तर वाद होता.

तुझं वेड काय होतं ते मला अजून धड सांगता येत नाही. जमेल तसं सांगते, चुकलं तर वरून बोंबल. सीडीत गाणं नसतं, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा परत आवाज करणारी एक चिप यंत्राच्या पोटात असते. आता ती प्रत्येक मोबाइलात असते, डोळ्याला दिसणार नाही एवढी, आणि कुणाची काही तक्रार नसते. पण तुझं म्हणणं, खरी चिप जुनी. आपण शाळेत होतो त्या काळात हॉलंडात नाहीतर जपानात बनलेली, लांबुडकी, काळी, दोन्ही अंगांना पाय असलेली, गोमेसारखी. ती मेलेल्या सीडी प्लेअरमधून उपसायची, पाय न मोडता. त्यासाठी तू चंद्रपूरपासून अकोल्यापर्यंत भंगारवाल्यांची दुकानं पालथी घातलीस. लोक तीर्थं करतात, तू भंगार केलंस.

आणि हे सगळं कुठे? वणीत! जिथे दोरीवर टाकलेली पांढरी ओढणी दुपारपर्यंत राखाडी होते, जिथे कोळशाचे ट्रक अंगणातून गेल्यासारखे जातात, तिथे बसून तू 'स्वच्छ आवाज' शोधत होतास. त्यासाठी तुझ्या खोलीची खिडकी बंद, पंखा बंद, लाइनमध्ये खरखर येते म्हणून फ्रीजही बंद. रविवारी तुझी मंडळी जमली की भाभीनं कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी झाली की म्हणे आवाजाची खोली मोडते. दूध नासलं, भाजी नासली, पण आवाजाची खोली शाबूत राहिली. मग तुम्ही चौघं-पाचजण डोळे मिटून माना हलवत बसणार. एक म्हणणार, "पडदा निघाला." दुसरा म्हणणार, "आवाजात हवा आली." तिसरा तर म्हणे, गाणारीचे ओठ दिसले. मी एकदा दारात चहा घेऊन उभी होते, ती कुणालाच दिसले नाही.

गंमत अशी की घरात आपण बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचो, पण चिपेबद्दल तू वऱ्हाडीतच बोलायचास. मी विचारलं होतं काहून म्हणून. तू म्हणालास, "आपल्या बोलीत चिपेले शब्दच नाही न." मी म्हटलं, शहाण्या लोकांची बोली आहे ती, नको त्या गोष्टींना शब्द ठेवत नाही.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. कुणी कबुतरं पाळतं, कुणी निवडणूक लढवतं, तू चिपा जमवल्यास. पण तू त्यात आपल्या आईला, याडीला ओढलंस, आणि मला.

याडीचा आवाज कुठेच राहिला नाही. ती गेली तेव्हा तांड्यावर कुणाकडे मोबाइल नव्हता. फोटो एकच, तोही रेशनकार्डावरचा. राहिली होती ती माझ्या लग्नाच्या शूटिंगची कॅसेट, तिच्यातलंही चित्र बुरशीनं गेलेलं, नुसता आवाज उरलेला. ती तू यवतमाळहून सीडीवर करून आणलीस आणि तिच्यातला माझ्या ढावलोचा तुकडा वेगळा काढलास.

आता ढावलो काय, हे तुला सांगायची गरज नाही, पण हे कुणी परकं वाचेल तर त्याच्यासाठी. आमच्याकडे नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गाते. रडते म्हणा, गाते म्हणा, ते दोन्ही एकच असतं. आधी महिनाभर तांड्यातल्या बाया तिला ते शिकवतात. आईच्या गळ्यात पडून आईचं, बापाच्या गळ्यात पडून बापाचं, मग भावाचं. प्रत्येकाची पाळी असते. ज्याची पाळी आली त्यानं नुसतं उभं राहायचं आणि मान पुढे करायची, त्याला दुसरं काही काम नसतं.

त्या सीडीवर दोन आवाज आहेत. एक उंच, टिपेचा. त्याच्या खाली एक जाडसर, मध्येच फाटणारा. उंच आवाज माझा आणि खालचा याडीचा, असं तू ठरवून टाकलंस. आणि त्या खालच्या आवाजासाठी तुझ्या सगळ्या चिपा. ही लावली की याडी जरा पुढे येते, ती लावली की मागे जाते, हिच्यात तिचा श्वास ऐकू येतो.

दर भाऊबीजेला मी पांढरकवड्याहून यायची. शाळेतल्या पोरांच्या निबंधांचा गठ्ठा बॅगेत आणि अनारसे डब्यात. ओवाळून झालं की तू मला तुझ्या त्या खुर्चीत बसवायचास, दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मध्ये. मान हलवली की ओरडायचास. वाटायचं दाढ काढायला बसवलंय. मग सीडी लावायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचं.

"आयकलं का? याडी हाये थे."

"भिया, थे याडी नाही. थे मी हाय."

"तू कशी? तू तर वरची."

"वरची मामी हाये. माहा गळा तीन दिवस रडून रडून बसला होता. महिनाभर ढावलो शिकून आधीच फाटला होता. खाली जे फाटून राह्यलं न, थे मी."

"मंग याडी कुठं हाये?"

"याडी गायलीच नाही. मी तिच्या गळ्यात होती, मले माहीत हाये. तिच्या तोंडातून आवाजच निघाला नाही. नुसती थरथरत होती."

त्यावर तुझं ठरलेलं उत्तर. "तुले काय समजते आवाजातलं? कान धुऊन ये अगोदर."

म्हणजे बघ. मी तिथे होते, तिच्या छातीला माझी छाती लागलेली होती, आणि मला समजत नाही. तू मांडवात नव्हतास आणि तुला समजतं, कारण तुझ्याजवळ हॉलंडची गोम आहे. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण मी वर्गात शिकवते तेव्हा माझ्यासमोर नेमकं कोण असायचं ते आता सांगायला हरकत नाही. आणि आवाज तरी कसला? लग्नाच्या शूटिंगची कॅसेट, मांडवातला सर्दी झालेला माइक, जनरेटरची धडधड, कुत्री, पोरं. नाल्याचं पाणी भरायचं आणि ग्लास चांदीचाच पाहिजे म्हणून अडून बसायचं, त्यातला प्रकार.

पण खरं सांगते, माझा राग चिपेवर नव्हता. मी वीस वर्षं तुझ्याशी फोनवर बोलले. तुझ्या घरी येऊन भांडले, हसले, भाभीशी गप्पा मारल्या. आणि तुला त्या सीडीतला माझा आवाज ओळखता आला नाही. नव्या चिपेनं नाही, जुन्या चिपेनं नाही, साध्या कानानंही नाही. मोठे कान म्हणे!

मग आली मुकुटवाली. ज्या चिपेवर कंपनीनं मुकुटाचा शिक्का मारलाय ती सगळ्यांत निवडक, असं तू मला भक्तिभावानं समजावलंस. कुठून तरी मिळवलीस, त्या वेळी तुझा चेहरा असा होता की जणू घरात पाळणा हलला. महिनाभर फोन. याडी आता समोर बसल्यासारखी वाटते. याडीची बांगडी वाजते. मी आले तेव्हा चिप अजून उघडीच होती, झाकण काढलेल्या यंत्रात. तूच मला एकदा सांगितलं होतंस की साध्या चिपेची पाठ घासून वर मुकुट छापतात आणि विकतात, जग लबाड झालंय. मी भाभीच्या कपाटातून नेलपॉलिश काढायचं पाणी आणलं, कापसाचा बोळा भिजवला आणि तुझ्यासमोर मुकुटावर फिरवला. मुकुट बोळ्यावर आला.

तू तो बोळा माझ्या हातातून घेऊन दिव्याखाली धरलास. मला वाटलं, आता सुटलो एकदाचे. आणि तू म्हणालास, "शिक्का गेला. आवाज तर नाही गेला न."

मी चप्पल घालून निघाले. भाभी मागून आली, म्हणाली, "जेवून तरी जा, कुकर लावला हाये." कुकर लावायला मिळाला म्हणून ती खूश होती. मी जेवले, तुझ्याकडे न बघता. निघताना तू दारात आलास आणि म्हणालास, "खरी आणतो. मंग बसू दोघं. खऱ्या चिपेत तू निघाली तर मी मानीन."

"आन् याडी निघाली तर?"

"तं तू मान."

मी म्हटलं, ठरलं. त्यानंतर बरेच महिने तू काही बोलला नाहीस. मग दसऱ्यानंतर फोन आला, फोनमध्येच हसत होतास. "आली. कापसानं पुसून पाह्यली. मुकुट जागचा नाही हालला. भाऊबीजेले ये."

भाऊबीज आली. तू नव्हतास.

दवाखान्यातून तुला आणलं तेव्हा तू पांढऱ्या कापडात वरून खालून बांधलेला होतास. गळा कुठे आहे तेही कळत नव्हतं. बाया मला पुढे ढकलत होत्या, "पड न भावाच्या गळ्यात," म्हणत होत्या, आणि मी उभी राहिले दगडासारखी. लोकांना वाटलं, शिकलेली आहे, म्हणून रडत नाही. तसं नव्हतं. माझ्या मनात आलं की हा दुसऱ्यांदा निसटला.

कारण पहिल्यांदा तू माझ्या लग्नात निसटलास. हे मी तुला कधी सांगितलं नाही. रुसव्यानं नाही, सांगण्यासारखं त्यात काय होतं? तुलाही ते माहीत होतं. साउंड तुझाच होता, तांड्यात दुसऱ्या कुणाला माइकची वायर धरता येत नव्हती. शूटिंगवाल्याला तू तुझ्या अॅम्प्लिफायरमधून वायर दिली होतीस, ढावलो नीट यावा म्हणून. आणि नेमकी त्याच वेळी त्यात 'घूं' यायला लागली. तुम्ही तिला हम म्हणता. तू मांडवामागे धावलास. याडीचं झालं, बाचं झालं, तुझी पाळी आली. मी हात पसरून उभी राहिले आणि समोर कुणी नव्हतं. मामी म्हणाली, "थो वायर पाहून राह्यला, तू चाल." गाडीवाला घाई करत होता. मी गाडीत बसले. माझ्या ढावलोचा आवाज चांगला यावा म्हणून तू माझ्या ढावलोला आला नाहीस. हे फक्त तूच करू शकतोस. दुसऱ्या कुठल्या भावाला हे सुचलं तरी असतं का?

परवा मी भाभीला म्हटलं, तुझ्या खोलीतलं आवरूया. ती म्हणाली, तुम्हाला काय पाहिजे ते न्या, बाकीचं भंगारवाल्याला. त्याच्याकडूनच आलं होतं, त्याच्याकडेच जाईल. मग कपाट पुसता पुसता सहज म्हणाली, "त्यायनं थे नवी लावली होती बरं मशिनीत. दुसरी गाणे आयकले. तुमचं लग्नाचं नाही लावलं. म्या म्हटलं लावा न, तर म्हणे कमल येईन तवा."

आयुष्यभर आगाऊपणा केलास आणि एकदाच काय ते थांबलास, तेही अशा वेळी.

भर दुपार होती. मी त्या दाढवाल्या खुर्चीत बसले. खिडकी उघडीच ठेवली, फ्रीज चालूच ठेवला, स्वयंपाकघरात भाभीच्या कुकरनं शिट्टी दिली तीही देऊ दिली. सीडी लावली. घूं सुरू झाली. कुत्री, पोरं, जनरेटर. वर मामी. आणि खाली मी.

मीच आहे, भिया. तुझ्या खऱ्या, न पुसणाऱ्या, दोन देशांतून फिरून आलेल्या मुकुटातून पण मीच निघाले. याडी कुठेही नाही. बांगडी वाजते ती मामीची. श्वास लागतो तो माझा. त्या फाटक्या गळ्यातली प्रत्येक फट मला ओळखता येते, कारण नंतर महिनाभर मी सासरी मीठ-पाण्यानं गुळण्या करत होते. मी जिंकले. तोंडावर सांगायला तू नाहीस, म्हणून इथे सांगते, आणि भाभीला साक्षीला ठेवते. भाभी पदराला हात पुसत दारात आली होती. ऐकून म्हणाली, "हे तं तुमीच होय." तिला चिप लागली नाही.

पण तुझ्यासमोर मी हा तुकडा कधी शेवटपर्यंत ऐकला नव्हता. दरवेळी मध्येच भांडण व्हायचं आणि मी उठायची. परवा भांडायला कुणी नव्हतं, म्हणून सीडी पुढे गेली. याडीचं संपलं, बाचं संपलं. मग माझा आवाज म्हणतो, "भिया." मग काहीच नाही. ती मी हात पसरून उभी आहे. आणि तिथे, माझ्या 'भिया'नंतर लगेच, घूं बंद होते.

एकदम बंद. कुत्री तीच, जनरेटर तोच, पण ती घूं नाही. मी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मी हाक मारते आणि मांडवामागे तुझ्या हाताला ती सैल वायर सापडते. त्या अख्ख्या सीडीत याडी नाही, बा नाही, पण तू आहेस. एवढी वर्षं तू कान लावून बसलास आणि तुला तू स्वतः ऐकू आला नाहीस. मी मात्र पहिल्या फटक्यात ओळखलं. कुणाचे कान मोठे, सांग.

मग मला जे तुझ्या अंगणात आलं नव्हतं, ते त्या खुर्चीत आलं. भाभी धावत आली. मी तिच्या गळ्यात पडले, आणि जे शिकवलं होतं, तुझ्या पाळीचं, ते तिच्या गळ्यात गायले. शब्द सगळे आठवत होते. गळा तसाच फाटला.

नागपूरच्या साहेबांना मी संध्याकाळी फोन केला. म्हटलं, चिप नकली निघाली, कापसानं पुसून पाहिली. ते फार हळहळले. तुझ्यासाठी हळहळले त्याहून जास्त. यंत्र मी पांढरकवड्याला आणलंय, बसच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन, लहान पोराला आणावं तसं. घरात सगळे मला हसतात. हसू देत.

तुझं ते ज्ञान मला अजूनही पटत नाही. जुनी चिप आणि नवी चिप यातला फरक मला मरेपर्यंत ऐकू येणार नाही आणि तुझ्या मंडळींनाही येत नसावा, हे माझं मत तुला जाळायला नेलं तेव्हाही बदललं नव्हतं. पण रोज शाळेतून आले की मी तेवढा तुकडा लावते. माझी हाक येते. मग घूं थांबते.

राहिली असती ती घूं तर काय बिघडलं असतं रे, मूर्खा? वायर टाकून यायचं होतंस.